मठाचा राजवाडा झाला त्याची हकीकत
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला होता, ‘धर्मसंस्था आणि त्यांच्या वास्तू’. विषय मोठा आणि वेळ पाऊण तास. म्हणून आम्ही एकच वास्तू घेतली आहे. ती आपल्या देशातली नाही आणि आपल्या धम्माचीही नाही. जर्मनीत बव्हेरिया नावाचा प्रांत आहे. तिथे डॅन्यूब नदीच्या काठी रेगेन्सबुर्ग हे जुने शहर आहे. त्या शहरात संत एमेराम यांच्या नावाचा एक ख्रिस्ती मठ होता. हजार वर्षांच्या वर तिथे साधू राहिले. १८१२ साली तो एका संस्थानिक घराण्याला मिळाला, त्याचा राजवाडा झाला, आणि आजही तो राजवाडाच आहे. यात लढाई झाली नाही, आग लागली नाही, कोणी तलवारी घेऊन साधूंना हुसकून लावलं नाही. सगळं कागदावर, सही-शिक्क्यानिशी झालं. म्हणूनच ही हकीकत ऐकण्यासारखी आहे असे आम्हास वाटते.

तुम्ही म्हणाल, इतक्या लांबचा मठ तुम्हाला सापडला कसा? तर पोस्टामुळे. आमची सगळी नोकरी टपाल खात्यात गेली. जुन्या तिकिटांचा नाद लागला, आणि त्या नादात थुर्न-टॅक्सिस हे नाव भेटलं. हे काही देशाचं नाव नव्हे, एका घराण्याचं नाव. एका खासगी घराण्याने आपल्या नावाने १८५२ पासून टपाल तिकिटे काढली! हे घराणं राहतं कुठे म्हणून शोधत गेलो, तर एका मठात.

आधी मठाचं सांगतो. एमेराम हा सातव्या शतकातला एक धर्मोपदेशक. त्याची कथा मोठी करुण आहे. बव्हेरियाच्या सरदाराची मुलगी लग्नाआधी गरोदर राहिली. तिला वाचवण्यासाठी एमेरामने तो आळ स्वतःवर घेतला, आणि तिच्या भावाने त्याचे हाल हाल करून त्याला मारलं. पुढे खरा प्रकार कळला तेव्हा लोकांनी त्याचं शरीर रेगेन्सबुर्गला आणून पुरलं. इतिहास यातला किती आणि आख्यायिका किती, ते बाजूला ठेवू. पण त्या समाधीभोवती आठव्या शतकात मठ उभा राहिला, साधारण ७३९च्या सुमारास, हे पक्कं आहे. म्हणजे आपल्याकडे वेरूळचं कैलास लेणं खोदायला सुरुवात होत होती त्याच्या थोडं आधी.

हे साधू संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणारे. सहाव्या शतकातला हा नियम. त्यात एक कलम असं आहे की मठातल्या कुणाचीही स्वतःची म्हणून एकही वस्तू असता कामा नये. पुस्तक नाही, लिहायची पाटी नाही, लेखणीसुद्धा नाही. जे आहे ते सगळ्यांचं. आपल्या विनयात संघाच्या मालमत्तेबद्दल जे सांगितलं आहे ते इथे भन्तेंसमोर आम्ही काय सांगावं. विहार, त्याची जमीन, तिथले मंचक हे कुणा एका भिक्खूला तर नाहीच, पण सबंध संघालाही देऊन टाकता येत नाही. दोन वेगळे धर्म, वेगळे देश, पण या मुद्द्यावर दोघांची नजर एकाच जागी गेलेली दिसते. मालमत्ता कोणाची, हा प्रश्न मठ उभा राहतो त्याच दिवशी उभा राहतो.

एमेरामच्या मठातला एक साधू आम्हाला फार आवडतो. त्याचं नाव ओटलोह, अकराव्या शतकातला. लहानपणी अक्षर गिरवायची त्याला इतकी घाई, की शिकवणाऱ्याची वाट न पाहता तो लपूनछपून आपला आपणच लिहायला शिकला. परिणाम काय, तर लेखणी चुकीची धरायची सवय लागली, ती काही केल्या सुटेना. लोक म्हणाले हा पोरगा कधी नीट लिहिणार नाही. त्याच चुकीच्या पकडीने त्याने आयुष्यभर पोथ्या नकलून काढल्या आणि इतर मठांना वाटल्या. कोणती पोथी कोणाला दिली त्याची यादी त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. धर्माबद्दल, देवाबद्दल आपल्या मनात किती शंका येत होत्या हेही त्याने मोकळेपणी लिहिलं. अकराव्या शतकात, मठात बसून! याच मठातला विल्हेल्म हा खगोलशास्त्र जाणणारा. आकाशाचं मापन करण्यासाठी त्याच्या काळात कोरलेला एक दगडी फलक आजही रेगेन्सबुर्गच्या संग्रहालयात आहे. पुढे तो १०६९ साली हिर्सावच्या मठाचा प्रमुख होऊन गेला.

पोथ्यांमध्ये सगळ्यात नामी म्हणजे सोन्याच्या शाईने लिहिलेलं शुभवर्तमानांचं पुस्तक. ८७० साली चार्ल्स नावाच्या एका राजासाठी ते तयार झालं आणि त्याच शतकाच्या अखेरीस सम्राट आर्नुल्फकडून मठाला मिळालं. वरचं वेष्टन सोन्याचं, रत्नं जडवलेलं. मघाशी म्हटलं लेखणीसुद्धा स्वतःची नको, आणि इथे पुस्तकालाच सोन्याचा अंगरखा. असो. मठाच्या मालकीचं आणि साधूच्या मालकीचं यात तेव्हाही लोक फरक करायचे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, नाहीतर बिचाऱ्या मठावर अन्याय झाला एवढंच सांगून आम्ही मोकळे होऊ. राजवाडा हा बाहेरून अचानक येऊन बसला असं नाही. राजेपणा मठात आधीच शिरला होता. १२९५ पासून मठ थेट सम्राटाच्या अधिकाराखाली, मधल्या कुठल्याही राजाचा हुकूम त्याला लागू नाही. १७३१ साली तर मठाच्या प्रमुखाला संस्थानिकाचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास, १७३१ ते १७३३ मध्ये, आसाम आडनावाच्या दोघा नामांकित भावांनी (आपल्या आसामशी संबंध नाही, मुलांनो) चर्च आतून असं रंगवलं-सजवलं की वर पाहिलं तर मान दुखावी. जिथे मठाधिपती स्वतःच संस्थानिक, तिथे मठ आणि संस्थान यांच्यातली भिंत अर्धी पडलेलीच होती. पुढे दुसऱ्या संस्थानिकांनी उरलेली पाडली.

पण हेही खरं, की शेवटच्या पन्नास वर्षांत मठ काही सुस्तावलेला नव्हता. फ्रोबेनियस फोर्स्टर हे प्रमुख विद्वान होते, त्यांनी आल्कुइन या जुन्या पंडिताचे ग्रंथ १७७७ साली संपादून छापले. त्यांच्यानंतर १७९१ मध्ये आलेले सेलेस्टिन स्टाइगलेनर हे पदार्थविज्ञान शिकवणारे, हवामानाच्या नोंदी ठेवणारे. मठ बंद पडला तो आतून कुजून पडला असं म्हणायची सोय नाही.

मग काय झालं?

इथे पोस्टवाल्यांना आणायला हवं. टॅक्सिस हे मूळ इटलीतलं, बेर्गामोजवळच्या डोंगरातल्या एका गावचं कुटुंब. १४९०च्या सुमारास सम्राटासाठी घोडेस्वारांच्या टप्प्याटप्प्याने डाक नेण्याची व्यवस्था त्यांनी बसवली. काम चोख. १६१५ साली त्यांना साम्राज्याचं टपालप्रमुखपद वंशपरंपरेने मिळालं. आपल्याकडे पाटीलकी, देशमुखी ही वतनं असत ना, तसं हे टपालाचं वतन. १६९५ साली ते संस्थानिकही झाले. आणि १७४८ मध्ये ते रेगेन्सबुर्गला मुक्कामाला आले, कारण साम्राज्याची सभा १६६३ पासून तिथेच कायमची भरत असे आणि त्या सभेत सम्राटाचा प्रतिनिधी म्हणून बसण्याचा मान आता त्यांच्याकडे आला होता. एवढं मोठं घराणं, पण रेगेन्सबुर्गात त्यांचा स्वतःचा वाडा नव्हता. भाड्याने राहात. मठ जवळच होता. म्हणजे भाडेकरूने शेजारचं घर पाहून ठेवावं तसं, असं म्हणायचा मोह होतो, पण तेव्हा त्यांच्या स्वप्नातही ते नसावं.

मग नेपोलियन आला. ऱ्हाईन नदीच्या पलीकडचा सगळा मुलूख १८०१च्या तहाने फ्रान्सला गेला. तिथे ज्या जर्मन संस्थानिकांची जहागीर होती ते उघडे पडले. त्यांना भरपाई द्यायची कुठून? जमीन काही नवीन तयार करता येत नाही. तेव्हा ठरलं, की धर्मसंस्थांची जमीन घ्यायची. बिशपांची संस्थानं, मठ, सगळं खालसा करायचं आणि वाटून टाकायचं. हा ठराव २५ फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. कुठे झाला? रेगेन्सबुर्गातच. मठापासून चालत थोड्याच अंतरावर. घंटेचा आवाज पोचेल इतक्या अंतरावर बसून माणसांनी मठांचा हिशोब केला.

त्या ठरावात साधूंना आयुष्यभर तनखा द्यावा असंही कलम होतं, हे नमूद केलं पाहिजे. कुणाला उपाशी मारा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ठराव करणारे लोक सुशिक्षित होते. त्यांनी प्रत्येकाचं नुकसान मोजलं, प्रत्येकाला काय देणं लागतं ते मांडलं. फक्त मठ ज्यांनी हजार वर्षं दान देऊन उभा केला त्या माणसांचं खातं त्या वहीत नव्हतं. शेताचा तुकडा देणारी विधवा, पोथी नकलणारा ओटलोह, मेणबत्तीला पैसे ठेवणारा कोळी, यांना भरपाई कोण देणार आणि कशाची? दान दिलं की ते देणाऱ्याचं राहात नाही हे खरं. पण मग ते नेमकं कोणाचं होतं, हा प्रश्न तिथे कोणी विचारलेला दिसत नाही. (मध्येच एक सांगून ठेवतो. आपल्या विहाराच्या जागेचा उतारा कोणाच्या नावावर आहे आणि विश्वस्तांच्या नोंदी धर्मादाय कार्यालयात अद्ययावत आहेत का, हे समितीने आजचा कार्यक्रम झाल्यावर एकदा पाहून घ्यावं. आम्ही रागावून बोलत नाही. पोस्टात काम केलेला माणूस पत्ता तपासल्याशिवाय राहात नाही.)

टॅक्सिस घराण्याचंही ऱ्हाईनपलीकडचं टपालाचं उत्पन्न बुडालं होतं. त्यांना १८०३ मध्येच मार्खटाल, नेरेसहाइम, बुखाव असे मठ मिळाले. पोस्टाच्या बदल्यात मठ, हा हिशोब तेव्हाच सुरू झाला. एमेराम मात्र लगेच त्यांच्या वाट्याला आला नाही. तो आणि सगळं रेगेन्सबुर्ग डालबेर्ग या धर्माधिकाऱ्याकडे गेलं. त्याच्या काळात साधूंना तिथेच राहता आलं. १८०६ साली साम्राज्यच संपलं. सभा संपली, सभेतला मान संपला. बव्हेरियाच्या राजाने १८०८ मध्ये आपल्या राज्यातलं टपाल सरकारी केलं. १८१० मध्ये रेगेन्सबुर्ग शहरच बव्हेरियाला मिळालं. आता राजाच्या हातात एक रिकामा करता येण्याजोगा मठ होता, आणि टॅक्सिसांच्या वतनाची भरपाई देणं बाकी होतं. १८१२ साली मठाच्या इमारती त्यांना देऊन टाकल्या. प्रिन्स कार्ल आलेक्झांडर तेव्हा घराण्याचा प्रमुख, पण दरबारी वाटाघाटींत त्याची बायको थेरेसा हिचाच शब्द चालायचा. प्रशियाच्या राणीची ही सख्खी बहीण, मोठी हुशार बाई.

स्टाइगलेनर १८१९ पर्यंत जगले. मठाचे शेवटचे प्रमुख, आणि त्याच शहरात म्हातारपण काढलं. त्यांच्या मनात काय चाललं असेल याविषयी आम्ही काही बनवून सांगणार नाही. पण कल्पना करा, तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या संघाच्या भोजनगृहात कुणाचे तरी नोकर चांदीची ताटं मांडताहेत.

पोथ्या आधीच निघाल्या होत्या. १८११च्या सुमारास हजाराच्या घरातली हस्तलिखितं म्युनिकच्या राजग्रंथालयात गेली. सोन्याचं पुस्तकही गेलं. हे वाईट झालं असंच आम्ही पूर्वी म्हणत असू. आता तसं सरसकट म्हणवत नाही. म्युनिकला गेल्यामुळे त्या पोथ्या एकत्र राहिल्या, त्यांना क्रमांक लागले, अभ्यास झाला. आज ते सोन्याचं पुस्तक संगणकावर पानन् पान पाहता येतं. मठात होतं तेव्हा ते पाहणारे डोळे किती होते? इतर ठिकाणी मठ मोडताना पोथ्या रद्दीच्या भावाने गेल्या, त्या मानाने इथे बरंच झालं. पण ग्रंथालय आणि मठ यांची ताटातूट झाली ती झालीच. पोथी एका गावी आणि ती ज्या खोलीत लिहिली ती दुसऱ्या गावी.

राजवाडा करताना काय काय केलं तेही ऐकण्यासारखं आहे. साधूंच्या खोल्यांचे दिवाणखाने झाले. १८२८ ते १८३२ मध्ये घोड्यांची पागा आणि घोडेस्वारीची शाळा बांधली, घोड्यांवर मोठं झालेलं घराणं ते. मठाच्या मधल्या चौकात, जिथे साधू ओवऱ्यांतून फेऱ्या घालत जप करायचे, तिथे १८३५ ते १८४१ या काळात घराण्यातल्या मृतांसाठी समाधी-मंदिर बांधलं. आम्हाला खरं खटकतं ते हे. ओवऱ्या अकराव्या ते चौदाव्या शतकातल्या, कोरीव कमानी अतिशय देखण्या. त्या पाडल्या नाहीत, जपल्या, हे चांगलं. पण मध्ये मोकळं आकाश होतं तिथे स्वतःचं मृत्यूमंदिर आणून ठेवलं. मठाच्या चौकातलं रिकामेपण हीसुद्धा मठाची मालमत्ताच असते, आणि ती कुठल्याही यादीत येत नाही.

आणि गंमत पहा. १८६७ साली प्रशियाने टॅक्सिसांचं उरलंसुरलं टपालही तीस लाख थालर मोजून ताब्यात घेतलं. ज्याच्या बदल्यात मठ मिळाला तो धंदाच संपला. तिकिटं बंद झाली. (आमच्या वहीत त्या घराण्याची दोनच तिकिटं आहेत, तीही फाटक्या कडांची.) पण राजवाडा मात्र त्यानंतरच सगळ्यात मोठा झाला. १८८३ ते १८८८ मध्ये दक्षिणेची संपूर्ण नवी बाजू उठवली. फ्रँकफुर्टला त्यांचा जुना वाडा होता, तिथलं लाकडी नक्षीकाम आणि जमिनीच्या फळ्या काढून इथे आणून बसवल्या. म्हणजे मठाच्या पोटात आता आणखी एका वाड्याचे अवयव आहेत. जमिनी, जंगलं, दारूभट्टी यांवर घर चालत राहिलं. १९१८ला जर्मनीतली राजेशाही गेली, त्यांचं राजेपण नुसतं नावापुरतं उरलं, पण घर खासगी मालमत्ता म्हणून त्यांचंच राहिलं. आपल्या संस्थानिकांचे तनखे १९७१मध्ये बंद झाले तरी वाडे राहिले, तसंच काहीसं.

उलटंही होतं, हे इथे सांगायलाच हवं, आणि तो दाखला आपल्या धम्मातला आहे. ब्रह्मदेशाचा मिंडॉन राजा १८७८ मध्ये मंडालेच्या राजवाड्यातल्या ज्या सागवानी दालनात वारला, ते दालन त्याचा मुलगा थिबा याने उचलून राजवाड्याबाहेर नेलं आणि भिक्खूंना विहार म्हणून दिलं. पुढे १९४५च्या लढाईत मंडालेचा राजवाडा जळून गेला. विहाराला दिलेलं ते दालन उरलं. जुन्या राजवाड्याची मोठी अशी तीच एक वास्तू आज पाहायला मिळते. आणि तो देणारा थिबा? त्याला इंग्रजांनी १८८५ला पदच्युत करून आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं. तिथेच तो १९१६ला वारला. थिबा पॅलेस तुम्ही पाहिला असेल. रत्नागिरीची सहल काढलीत तर मुलांना हे जरूर सांगा, नुसता समुद्र दाखवून आणू नका.

परत रेगेन्सबुर्गला येऊ. १९९० साली तिथला प्रिन्स वारला. मुलगा सात वर्षांचा. वारसाकर प्रचंड. तेव्हा १९९३ मध्ये राजवाड्यातल्या मौल्यवान वस्तूंचा मोठा भाग कराच्या बदल्यात बव्हेरिया सरकारला दिला गेला, शिवाय पुष्कळ सामान लिलावात गेलं. सरकारने आपल्या वाट्याच्या वस्तू म्युनिकला हलवल्या नाहीत. त्याच राजवाड्याच्या पागेच्या इमारतीत १९९८ साली संग्रहालय उघडलं. नीट पाहा, १८१२ साली सरकारने देणं फेडायला मठ दिला, आणि १९९३ साली राजवाड्याने देणं फेडायला आपली चांदी-सोन्याची भांडी सरकारला दिली. दोन्ही वेळा वस्तू एकाच आवारात राहिल्या, मालकाची पाटी बदलली.

आता शेवटचं, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. या सबंध उलथापालथीत एक गोष्ट कधीच राजवाड्यात गेली नाही. ते चर्च. इमारतीला इमारत चिकटलेली आहे, भिंत सामाईक आहे, पण चर्च आसपासच्या वस्तीचं उपासनास्थळ होतं आणि तसंच ठेवावं लागलं. साधूंना तनखा देऊन उठवता आलं, ग्रंथालय गाड्यांत भरता आलं, पण दर रविवारी पायी चालत येणाऱ्या बायाबापड्यांना कुणाच्या नावे करून देणार? एमेरामची समाधी तिथेच आहे. दहाव्या शतकातला बिशप वोल्फगांग, ज्याने ९७५ साली मठाचा कारभार बिशपच्या हातून सोडवून मठाला स्वतःचा प्रमुख मिळवून दिला, तोही तिथेच पुरलेला आहे. १९६४ साली पोपने त्या चर्चला मोठ्या चर्चचा सन्मान दिला.

राजवाडा पाहायला तिकीट आहे. वाटाड्या सोबत असतो, दिवाणखाने दाखवतो, सिंहासनाची खोली दाखवतो आणि त्याच फेरीत मठाच्या जुन्या ओवऱ्याही दाखवतो. उन्हाळ्यात आवारात गाण्याचे मोठे जलसे होतात, नाताळात बाजार भरतो. चर्चचं दार वेगळं आहे, चौकातून थेट आत जाता येतं.

भन्तेंच्या धम्मदेसनेची वेळ झाली आहे आणि मागे खीरदानाच्या पातेल्यांचा आवाज यायला लागला आहे. राजवाड्याचे आणि ओवऱ्यांचे फोटो आम्ही मागच्या टेबलावर मांडून ठेवले आहेत, सोबत ती दोन तिकिटेही आहेत. पाहा, पण तिकिटांना बोट लावू नका.

नमो बुद्धाय, जयभीम.